काजळीचे रंग

ब्रिटनमधल्या वाफेच्या इंजिनांची जुनी रंगीत छायाचित्रे पाहताना मला एक गोष्ट कायम खटकत आली आहे. या छायाचित्रांत नेहमी ऊन असते. ज्या देशाची पावसाळी हवा जगभर थट्टेचा विषय आहे, त्या देशाची रेल्वे या चित्रांत बारमाही लख्ख उन्हात धावते. आकाश निळे, रुळांच्या कडेचे गवत हिरवेगार, डबे किरमिजी आणि धुराड्यातून निघणारी वाफ पिंजलेल्या कापसासारखी पांढरी. ही छायाचित्रे प्रामुख्याने १९५० आणि १९६० च्या दशकांतली, म्हणजे तिथल्या वाफेच्या रेल्वेच्या अखेरच्या काळातली. त्या वर्षांत ब्रिटन एवढा उन्हाळी होता का? अर्थातच नव्हता. मग हे ऊन आले कुठून?

हा प्रश्न वरवर पाहता फुटकळ आहे. पण त्याच्या मागे जात राहिलो की रेल्वेच्या इतिहासापेक्षा मोठे काहीतरी हाती लागते. एखाद्या काळाची आठवण कशी तयार होते, त्या आठवणीत कोणाला जागा मिळते आणि कोण चौकटीबाहेर राहते, हे या छायाचित्रांतून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

आधी उन्हाचा हिशेब करू. कोडॅक कंपनीची ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म १९३५ साली चलच्चित्रांसाठी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३५ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आली. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोघांनी ती शोधून काढली. दोघेही पेशाने संगीतकार होते, ही गंमत सोडून देऊ. फिल्मचे रंग अप्रतिम होते, पण ती प्रकाशाच्या बाबतीत फार मंद होती. फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता ज्या आकड्यात मोजतात, तो आकडा जुन्या कोडाक्रोमसाठी जेमतेम १० होता. आजचा साधा मोबाइल ढगाळ संध्याकाळी याच्या कित्येक पटीने पुढे जातो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. भर दुपारच्या उन्हातही सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो घ्यायचा तर लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी ठेवावी लागे. ताशी ६० मैलांनी येणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ११ सेंटिमीटर पुढे सरकते. बाजूने फोटो काढला तर इंजिन पुसट होणार. समोरून, थोडे तिरके उभे राहून काढला तर ही हालचाल कमी जाणवते. म्हणून सूर्य पाठीशी, गाडी तिरकी समोरून येणारी, आणि जमले तर चढावर रखडत चाललेली किंवा स्थानकात उभी असलेली, हा ठरलेला साचा झाला. ढग आला की छायाचित्रकार कॅमेरा मिटून डबा खायला बसे. त्या चित्रांतले ऊन हवामानाचे नव्हतेच, ते फिल्मच्या गरजेचे होते. पावसाचे दिवस होते, भरपूर होते, पण त्या दिवशी कोणी रंगीत फिल्म खर्ची घातली नाही.

खर्च हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रंगीत रोल महाग होता. एका रोलमध्ये २० किंवा ३६ चित्रे, आणि रोल संपला की तो टपालाने कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शिका परत येण्याची वाट पाहायची. त्यामुळे अनेक हौशी मंडळी दोन कॅमेरे बाळगत. रोजच्या कामासाठी कृष्णधवल आणि खास क्षणासाठी रंगीत. रात्रीचे स्थानक, धुक्यातला पूल, लोको शेडच्या आतला अंधार, हे बहुतांश कृष्णधवल फिल्मच्या वाट्याला गेले. परिणामी एकाच रेल्वेच्या दोन आठवणी तयार झाल्या. दिवसाची आणि बाहेरची आठवण रंगीत, तर रात्रीची आणि आतली आठवण काळी-पांढरी. १९६१ साली आलेल्या नव्या कोडाक्रोमची क्षमता २५ झाली, पुढे ६४ ची फिल्मही आली, आणि मग कुठे सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश रंगात उतरू लागला. पण तोवर इंजिनांची घटका भरत आली होती.

दैवाचा खरा खेळ इथेच आहे. ब्रिटिश इंजिने जेव्हा खरोखर रंगीत होती, तेव्हा रंगीत फिल्म लोकांच्या हातात नव्हती. १९४८ पूर्वी तिथे चार मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या होत्या आणि रंग ही त्यांची ओळख होती. लंडन-मिडलँड-स्कॉटिश रेल्वेची प्रवासी इंजिने गडद किरमिजी. ग्रेट वेस्टर्नची गडद हिरवी, धुराड्याला तांब्याची चकाकती कड. लंडन आणि नॉर्थ ईस्टर्नची सफरचंदी हिरवी, तर तिचीच वेगवान ‘ए-४’ इंजिने निळी. यांपैकीच ‘मॅलार्ड’ नावाच्या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. त्या काळी प्रत्येक शेडमध्ये पोरसवदा क्लीनरांची फौज असे. तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी ती मुले इंजिन आरशासारखे लख्ख करत. पण त्या लकाकीची बहुतेक छायाचित्रे आपल्यापर्यंत काळी-पांढरीच पोचली.

मग युद्ध आले. रंग आणि माणसे दोन्ही दुसरीकडे लागली, आणि बहुतेक इंजिने सरसकट काळी रंगवली गेली. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १ जानेवारी १९४८ रोजी मजूर पक्षाच्या सरकारने चारही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि ‘ब्रिटिश रेल्वे’ला सुमारे २०,००० वाफेची इंजिने वारशात मिळाली. नव्या मालकाने रंगांचे बरेच प्रयोग केले. सर्वांत मोठ्या इंजिनांना काही काळ निळा रंग दिला, तो टिकेना म्हणून पुन्हा गडद हिरवा. मालवाहू इंजिनांना साधा काळा. कागदावर सगळे ठरलेले होते. प्रत्यक्षात रंगाला विचारतो कोण, अशी स्थिती होती. कारण रंग पुसणारी माणसेच मिळत नव्हती.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बेकारी जवळजवळ नव्हती. कारखान्यात ठरलेल्या वेळेचे, स्वच्छ, बऱ्या पगाराचे काम मिळत असताना पहाटे तीनला उठून राखेत आणि तेलात हात घालायला कोण जाणार? रेल्वेची जुनी शिडी अशी होती की मुलगा क्लीनर म्हणून लागायचा, मग फायरमन व्हायचा आणि कित्येक वर्षांनी, केस पांढरे व्हायला लागले की ड्रायव्हर. या शिडीची पहिली पायरीच ओस पडली. इंजिने धुतली जाईनात. हिरव्यावर, किरमिजीवर काजळीचा थर चढत गेला आणि शेवटी सगळी इंजिने एकाच रंगाची झाली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत फिल्म सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली, तेव्हा तिच्यासमोर उभी होती ती ही काळवंडलेली इंजिने. रंग टिपण्याचे साधन आले आणि टिपायचा रंग गेला.

ही काजळी म्हणजे निव्वळ हेळसांडही नव्हती. ते एका धोरणाचे दृश्य रूप होते. १९५५ च्या जानेवारीत ब्रिटिश रेल्वेची १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली. डिझेल आणि वीज येणार, वाफ जाणार, हे ठरले. तरीही नवी वाफेची इंजिने बांधली जातच होती. १९५१ पासून ‘स्टँडर्ड’ नावाच्या मालिकेतली ९९९ इंजिने बांधली गेली. त्यांतले शेवटचे इंजिन स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि १८ मार्च १९६० रोजी समारंभपूर्वक त्याचे नामकरण झाले : ‘इव्हनिंग स्टार’. मालवाहू वर्गातले असूनही त्याला काळ्याऐवजी हिरवा रंग दिला आणि धुराड्याला जुन्या ग्रेट वेस्टर्नसारखी तांब्याची कड बसवली. अनेक दशके चालेल असे बांधलेले हे इंजिन अवघ्या पाच वर्षांत, १९६५ साली सेवेतून काढण्यात आले. ज्या यंत्राला आपण उद्या भंगारात काढणार आहोत, त्याला कोण पुसत बसेल?

अखेरच्या वर्षांत इंजिनांवर एक नवा रंग मात्र चढला. १९६४ च्या सप्टेंबरपासून काही इंजिनांच्या केबिनच्या बाजूला एक तिरपा पिवळा पट्टा रंगवला जाऊ लागला. क्रू स्थानकाच्या दक्षिणेला लंडनच्या दिशेने २५,००० व्होल्टच्या विजेच्या तारा पसरल्या होत्या. उंच इंजिने त्या तारांखालून नेणे धोक्याचे. म्हणून ज्यांनी क्रूच्या पुढे जायचे नाही, त्यांच्यावर ही खूण. कृष्णधवल छायाचित्रात हा पट्टा नुसती करडी रेघ वाटतो. रंगीत पारदर्शिकेत मात्र तो काजळीवर ओढलेल्या हळदीच्या बोटासारखा उठून दिसतो, आणि त्याचा अर्थ मंगल नसून बंदी आहे. रंगीत छायाचित्राने इतिहासाला दिलेला हा खरा पुरावा म्हणावा लागेल. पूर्वी या इंजिनांना रंग दिला जाई तो मिरवण्यासाठी. शेवटी दिला गेला तो वाट अडवण्यासाठी.

छायाचित्रकारांची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. १९४२ साली इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली. तिच्या मालिकेने ब्रिटनमधल्या हजारो शाळकरी पोरांना फलाटाच्या टोकाला वही-पेन्सिल घेऊन उभे केले. हीच पोरे मोठी झाली, कमावती झाली, आणि वहीच्या जागी कॅमेरा आला. यांत पाद्री होते, शिक्षक होते, डॉक्टर होते, एक खासदारही होते. हुजूर पक्षाचे रॉबर्ट ॲडली यांनी १९६२ ते १९६८ या काळात काढलेल्या रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. पुढे स्वतःच्याच पक्षाचे सरकार रेल्वेचे खासगीकरण करायला निघाले, तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत हे ॲडली आघाडीवर होते. १९९३ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खासगीकरणाचा कायदा झाला. म्हणजे इंजिनावरचे प्रेम प्रत्येकाच्या बाबतीत नुसते स्मरणरंजन नव्हते. काहींना त्यातून सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय याची जाणही आली होती.

आणखी एक मंडळी होती. ‘मास्टर नेव्हरर्स असोसिएशन’ असे गमतीदार नाव घेतलेला तरुणांचा एक गट १९६० च्या दशकात रात्री-अपरात्री शेडमध्ये शिरायचा, दुसऱ्या दिवशी कोणते इंजिन कोणत्या गाडीला लागणार याचा अंदाज घ्यायचा आणि ते इंजिन रात्रभर घासूनपुसून लख्ख करायचा. सकाळी तीच मंडळी एखाद्या चढावर कॅमेरा रोखून उभी. आता विचार करा. १९६७ किंवा १९६८ च्या एखाद्या रंगीत छायाचित्रात इंजिन चकचकीत दिसते, म्हणून त्या वर्षी रेल्वे इंजिनांची निगा राखत होती असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल. ते इंजिन छायाचित्रासाठी पुसले गेले होते, आणि पुसणारे हात छायाचित्रकाराचेच होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्याकडे कसे पाहावे याचा इतका सुंदर धडा पुस्तकात सापडत नाही.

आता चौकटीबाहेर पाहू.

या हजारो पारदर्शिकांत माणसे फार थोडी दिसतात. ड्रायव्हर खिडकीतून डोकावतो, फायरमन एखाद्या वेळी फावड्यासह दिसतो. पण इंजिन रात्री विझवून त्याच्या पोटातली राख ओढणारा, बॉयलर धुणारा, पहाटेच्या गाडीसाठी कित्येक तास आधी आग पेटवणारा मजूर जवळजवळ नाहीच. एका लांब फेरीत काही टन कोळसा हाताने भट्टीत लोटावा लागे, हे त्या पांढऱ्याशुभ्र वाफेकडे पाहून कळत नाही. अपवाद होते. एरिक ट्रेसी हे पाद्री लिव्हरपूलच्या एज हिल वस्तीत काम करताना रेल्वे कामगारांच्या सहवासात आले आणि त्यांनी इंजिनांइतकीच इंजिनवाल्यांशीही दोस्ती केली. पण त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल. पुढे ते वेकफिल्डचे बिशप झाले आणि १९७८ साली ॲपलबी स्थानकावर एका वाफेच्या गाडीची वाट पाहत असतानाच त्यांना मृत्यू आला. येणाऱ्या गाडीला जतन करून ठेवलेले तेच ‘इव्हनिंग स्टार’ लावलेले होते.

आणि ‘रंग’ या शब्दाचा दुसरा अर्थ तर या छायाचित्रांत अजिबात येत नाही. गोरे तरुण मिळेनात म्हणून ब्रिटिश रेल्वेने आणि लंडनच्या शहर वाहतुकीने कॅरिबियन बेटांवरून माणसे आणली. हमाल, सफाईवाले, गार्ड अशा कामांवर ती लागली. त्यांपैकी एक ॲस्क्विथ झेवियर, डॉमिनिका बेटावरचे. लंडनच्या मेरिलबोन स्थानकावर ते गार्ड होते. १९६६ साली त्यांनी युस्टन स्थानकावर जागा मागितली आणि त्यांना नकार मिळाला. युस्टनवर गोऱ्यांखेरीज कोणाला गार्ड म्हणून घ्यायचे नाही, अशी तिथे अलिखित रंगबंदी चालत आली होती. १९६५ चा वंशसंबंध कायदा झालेला होता, पण नोकऱ्या त्याच्या कक्षेत नव्हत्या. प्रकरण वर्तमानपत्रांत आणि संसदेत गाजले, वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांना लक्ष घालावे लागले. जुलैमध्ये ब्रिटिश रेल्वेने बंदी उठल्याचे जाहीर केले आणि १५ ऑगस्ट १९६६ रोजी झेवियर युस्टनचे पहिले कृष्णवर्णीय गार्ड म्हणून रुजू झाले. त्यासाठी त्यांना धमक्यांची पत्रे सोसावी लागली.

हे युस्टन कोणते, तर ज्या विजेच्या तारांमुळे इंजिनांवर पिवळा पट्टा आला, त्या तारा जिथे येऊन थांबतात ते. त्याच मार्गावर एकाच वेळी दोन बंद्या चालू होत्या. एक उंच इंजिनांवर, दुसरी काळ्या माणसांवर. पहिल्या बंदीची रंगीत छायाचित्रे मुबलक आहेत. दुसरीचा पट्टा कोणाच्या अंगावर रंगवलेला नव्हता, म्हणून तो कोणत्याही कोडाक्रोमवर उमटला नाही.

वाफेचे अखेरचे दिवस लँकेशरमध्ये गेले. १९६८ च्या सुरुवातीला साऱ्या ब्रिटनमध्ये मिळून साडेतीनशेच्या आसपास वाफेची इंजिने उरली होती. शेवटी कार्नफोर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोज ग्रोव्ह या तीन शेड राहिल्या. ११ ऑगस्ट १९६८ रोजी लिव्हरपूल, मँचेस्टर, कार्लाइल अशी निरोपाची गाडी धावली. तिकीट १५ गिनी, म्हणून तिचे नावच ‘फिफ्टीन गिनी स्पेशल’ पडले. कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा मोठा वाटा एका तिकिटात जाईल अशी ही रक्कम होती. तरी गाडी भरली आणि मार्गावर दुतर्फा माणसे लोटली. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या इंजिनांना मुख्य मार्गांवर मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला.

लॉस्टॉक हॉल प्रेस्टनजवळ आहे, रोज ग्रोव्ह बर्नलीत. ही कापडगिरण्यांची गावे. वाफ जात होती त्याच वर्षांत या पट्ट्यातल्या गिरण्यांच्या रात्रपाळीत पाकिस्तानातून आलेले मजूर उभे होते. प्रेस्टन आणि ब्लॅकबर्नमध्ये भरूच-सुरतेकडच्या गुजराती मुसलमानांनी घरे केली होती. याच लँकेशरच्या गिरण्यांना एकेकाळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस आपल्या जीआयपी रेल्वेने मुंबई बंदरापर्यंत ओढून दिला होता. म्हणजे कापूस आधी गेला, माणसे नंतर गेली. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले. ऑगस्टमध्ये वाफेला निरोप दिला गेला. आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी व घर देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. तिन्ही घटना एकाच वर्षातल्या. आज ‘जुना चांगला ब्रिटन’ म्हणून जी दिनदर्शिका भिंतीवर लागते, तिच्यावर यांतली एकच घटना असते. भूतकाळ सोनेरी होता असे सांगणारी चित्रे आपल्याकडेही कमी नाहीत. म्हणूनच त्यांतले ऊन कुठून आले, हे विचारण्याची सवय आपल्यालाही लावून घ्यायला हवी.

आपल्याकडच्या वाफेची रंगीत आठवण जवळजवळ नाहीच. १९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’, इव्हनिंग स्टारचेच भारतीय भावंड. पण आपल्या रुळांवर वाफ त्यानंतरही पाव शतक चालली. ब्रिटनमधली वाफ संपल्यावर तिथले हौशी छायाचित्रकार रंगीत फिल्मचे रोल घेऊन भारतात येऊ लागले, आणि आपल्या इंजिनांची जी रंगीत छायाचित्रे आज पाहायला मिळतात, त्यांतली बरीच या पाहुण्यांनी काढलेली आहेत. माझ्या अम्मीचे मामा भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे, स्टुडिओत शेरवानी घालून काढलेला. इंजिनावरचा एकही नाही. ज्याचे आयुष्य भट्टीसमोर गेले, त्याला त्या भट्टीचा फोटो काढून ठेवावासा वाटण्याचे कारण नव्हते, आणि वाटले असते तरी ती ऐपत नव्हती. प्रेस्टन काय आणि भुसावळ काय, इंजिनाचे सौंदर्य बहुधा त्यालाच दिसले ज्याला त्यात कोळसा घालायचा नव्हता.

तरीही ही छायाचित्रे मला मोलाची वाटतात. त्यांना खोटे ठरवणे हा माझा हेतू नाही. हौशी माणसांनी पदरमोड करून, सायकलवरून, मिळेल त्या गाडीने भटकून जे टिपले, ते कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. इंजिनाच्या बाजूला दिसणारे सिग्नल, फलाटावरचे दिवे, जाहिरातींचे फलक, आता उखडून टाकलेले फाटे, हे सारे त्यांच्यामुळे उरले. १९७० च्या दशकात रॉन व्हाइट यांनी अशा विखुरलेल्या पारदर्शिका गोळा करून ‘कलर-रेल’ हा संग्रह उभा केला नसता, तर त्यांतल्या कित्येक कोणाच्या तरी माळ्यावर नष्ट झाल्या असत्या. वेल्सच्या बॅरी बंदरात डाय वुडहॅम यांच्या भंगारवाड्यात इंजिने वर्षानुवर्षे पडून होती, कारण तिथल्या कामगारांना आधी जुन्या वाघिणी फोडायचे काम होते. खाऱ्या वाऱ्यात त्यांचा सगळा रंग जाऊन गंजाचा तांबडा तेवढा राहिला. तिथे आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ इंजिने हौशी संस्थांनी वर्गणी काढून सोडवून नेली. त्यांतली बरीच पुढे दुरुस्त होऊन धावली, आणि रंगवताना मूळ छटा कोणती होती हे पाहण्यासाठी हीच जुनी छायाचित्रे काढली जातात.

पण तिथेही जपून चालावे लागते. कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवले तर दशकानुदशके टिकतात. त्या काळच्या इतर काही फिल्मचे रंग मात्र उडत जाऊन चित्र गुलाबी किंवा निळसर होते. एकच हिरवे इंजिन दोन फिल्मवर दोन हिरव्यांत दिसते. त्यात आता संगणकाची भर पडली आहे. जुन्या कृष्णधवल चित्रात यंत्र आपल्या अंदाजाने रंग भरते आणि युद्धकाळात काळे रंगवलेले इंजिन हसतमुखाने हिरवे करून देते. पारदर्शिकेचा रंग निदान त्या दिवशी त्या इंजिनावर पडलेल्या उजेडाचा असतो. यंत्राने भरलेला रंग कुठल्याच दिवसाचा नसतो.

कोडाक्रोमचाही शेवट झाला. २००९ साली कंपनीने तिचे उत्पादन थांबवले. ती धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की शेवटी साऱ्या जगात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली एकच प्रयोगशाळा उरली, आणि २०१० च्या अखेरीस तिनेही रोल घेणे बंद केले. एखाद्या घरात न धुतलेला जुना रोल सापडला, तर त्यातले रंग आता पूर्वीसारखे बाहेर काढता येत नाहीत. वाफेचे इंजिन निदान वर्गणी काढून पुन्हा पेटवता येते.

जतन केलेली इंजिने आज इतकी चकचकीत असतात, जितकी ती त्यांच्या अखेरच्या दहा वर्षांत कधीच नव्हती. त्यांच्याकडे पाहून आनंद वाटावा, जरूर वाटावा. मात्र १९६० च्या दशकातली एखादी रंगीत पारदर्शिका पाहायला मिळाली तर त्यातला किरमिजी किंवा हिरवा शोधण्याआधी काजळी पाहावी. इंजिन पुसायला माणूस का मिळाला नाही, जो मिळाला तो कुठून आला होता, त्याला कोणत्या स्थानकावर उभे राहू दिले गेले आणि कोणत्या नाही, हे प्रश्न त्या काळ्या थरात आहेत. फिल्मला ऊन हवे होते म्हणून ऊन आले, छायाचित्रकाराला लकाकी हवी होती म्हणून लकाकीही आली. काजळी मात्र कोणाला नको असताना चित्रात आली आहे, म्हणून त्या चित्रातल्या साऱ्या रंगांत माझा विश्वास तिच्यावर जास्त बसतो.